सोयरिकीतला मोडता

व्हय, व्हय, गोजरबाईचंच घर हे — सोयरीक जुळवनाऱ्या रामहरीनं बरोबर पत्ता दिला तुमाला — अन् ह्या भिंतीच्या पलीकडं निळं दार दिसतंय ना, ते गहिनीनाथाचं. दोन्ही घरांना मधी भिंत एकच हाय. तिकडं कुनाला उचकी लागली तर इकडं पान्याचा तांब्या भरतात. आत्ता तो टेम्पो धुवाय गेलाय, तवा मोकळं बोला. मंग पोराची चौकशी शेजारनीकडं न्हाई करायची तर कुठं करायची, बरोबर केलं तुमी. अकराला घर बघायचा कार्यक्रम, मान्सं खर्ड्याच्या स्टँडवर चहाला बसवली अन् आपन एकटं पुढं आलात — शाना मानूस असंच करतो. बसा असं सावलीला. मी आपली तूर निवडते, हात चालू असला की तोंड नीट चालतं माझं. पानी प्या. नुसता तांब्या धरून बसलाय.

काय सांगितलं गल्लीनं? सांगू नका, मीच सांगते. पोरगा वळनाचा हाय. सुपारीचं खांड तोंडात न्हाई. थोरामोठ्यांच्या पाया पडतो. स्वतःचा टेम्पो, केडगावात जागा घेतलीय, हुंडा मागत न्हाई, लग्नाचा खर्च बी आपला म्हनतो. पहिली बायको नांदली न्हाई, त्यात त्याचा काय दोष. असंच ना? चार घरं फिरला असाल तर चारी घरांत हेच ऐकलं असंल, अन् एका सुरात. तुमाला नवल न्हाई वाटलं? चार बायकांचं एका पोराबद्दल एकच मत — आमच्या गल्लीत मिठावर सुदिक एकमत होत न्हाई.

खोटं बोलल्या का म्हनता? न्हाई, खोटं न्हाई बोलल्या. त्यांनी रीत पाळली. आमच्यात सोयरिकीत मोडता घालत न्हाईत. चौकशीला मानूस आला की चांगलं सांगायचं, वाईट असंल ते गिळायचं. जो लग्न मोडतो त्याच्या घरातलं पोर बिनलग्नाचं ऱ्हातं म्हनतात. अन् ह्या घरात मोनिका हाय लग्नाची, गोजरबाईची नात — माझी नात, म्हंजी — तवा गोजरबाईनं तर तोंडाला कुलूपच लावाय पायजे. तुमच्याकडं बी असंच असंल की. गोदावरीचं पानी पिनारी तुमी, पुनतांब्याची मान्सं, पन मान्सं सगळीकडं सारखीच. तुमी न्हाई कधी सांगितलं कुनाला, 'पोरगा चांगला हाय'? सांगितलं असंल. मी बी सांगितलंय.

फोटो हाय का पोरीचा? दावा. ... सृष्टी. नाव चांगलं ठिवलंय. आई न्हाई म्हनाला न्हवं? मंग तुमीच वाढवली, वेनी बी तुमीच घालत असाल ल्हानपनी — हसू नका, कळतं ते, बापानं वाढवलेल्या पोरीची मान जरा ताठ असती. बोटं लांब हायेत. मेंदी काढलीय. बोटं लई लांब हायेत हो तिची. ठिवा तो मोबाईल खिशात. ठिवा म्हनते ना.

आता ऐका, अन् मधी बोलू नका. गहिनीनाथाचं जे चांगलं ऐकलंत ते सगळं खरं हाय. म्होरच्या आळीत म्हातारं वारलं तवा नगरच्या दवाखान्यातनं मढं आनलं त्यानं टेम्पोत, डिझेलचा रुपया घेतला न्हाई. बाजारात एका बाईचं मंगळसूत्र सापडलं, तर सगळ्या बाजारात इचारत फिरला अन् तिच्या हातात नेऊन दिलं. कुनाला शिवी देत न्हाई. बैलाला बी 'अरं' म्हनत न्हाई. अशा पोराला वाईट म्हनायची कुनाची छाती? मी चौथी शिकले, मला लई कळत न्हाई, पन एवढं कळतं — रीत ही पायतानासारखी असती, पाय किती का घान असंना, पायतान चकचकीत ऱ्हातं. अन् नीत म्हंजी पाय. लोक पायतान बघतात. पाय कुनी बघायला जात न्हाई. चौकशीला आलेला मानूस तर न्हाईच न्हाई. मला सांगा, तुमी चार घरी काय काय इचारलंत? दारू? जुगार? जमीन? कर्ज? पोरगं बायकोला मारतं का हे इचारलंत कुनाला? न्हाई इचारलं. कारन ते इचारायची रीत न्हाई.

मारतो.

मारतो म्हंजी कसं — दारू पिऊन धिंगाना घालनारा मारतो तसं न्हाई. तसला बरा, तो दुसऱ्या दिवशी रडतो तरी. हा दार लावतो. सदरा काढतो, घडी घालतो, खुंटीला लावतो. मोबाईलवर अभंग लावतो, आवाज मोठा करतो. मंग रेश्माला — ती पहिली, रेश्मा — समोर उभी करतो अन् इचारतो, चूक सांग. तिनं आपल्या तोंडानं आपली चूक सांगायची. भाजीत मीठ कमी. हसली. दारात उभी ऱ्हायली. ती सांगती, तो म्हनतो, बरोबर. अन् मंग टेम्पोच्या ट्यूबचा कापलेला पट्टा घेतो. तोंडावर न्हाई. हाताला न्हाई. जिथं लुगडं झाकतं तिथंच. गुरुवारी न्हाई, त्याचा उपास असतो. एकादशीला न्हाई. मारून झालं की आपल्या हातानं चहा करून आनतो तिच्यासाठी, अन् तिनं पाया पडायचं त्याच्या. बघा, मारायचे बी नेम असतात मान्साचे. अन् नेम पाळनारा मानूस आपल्याकडं चांगला.

ह्या भिंतीला कान लावायची गरज न्हाई. अभंग लागला की गल्लीतल्या बाया आपापल्या पोरांना आत घ्यायच्या. एवढंच. दुसऱ्या दिवशी नळावर रेश्मा वाकायची न्हाई, हंडा गुडघ्यात धरून बसून भरायची, पाठ अशी ताठ. कुनी इचारायचं न्हाई. एकीनं इचारलं एकदा, पाठ दुखती का गं? रेश्मा म्हनली, न्हाई ताई, गादी मऊ झालीय. सगळ्या हसल्या. ती बी हसली.

त्याची आई? आई हाय की. बनुबाई. विधवा हाय, गोठा एकटीनं बांधला, खांब एकटीनं रोवले, तोंडानं आगीची. ती काय करत हुती म्हनता? ती दारावर लाथा घालायची. आतून कडी असायची. ती वरडायची, 'उघड भाड्या', तो आतून म्हनायचा, 'आई, शिवी देऊ नकोस, शोभत न्हाई.' दोनदा तिनं कौलं काढून आत उडी घ्यायचं बघितलं, पडली, कंबर मोडून घेतली. पोलिसांत गेली. तिथं त्यानं साहेबाच्या पाया पडून सांगितलं, आई थकलीय, बाबा गेल्यापासनं असंच बोलती. अन् रेश्मानं काय म्हनावं? म्हनली, 'मी पडले.' तिच्या भावानं सांगून ठिवलं हुतं तिला, बोभाटा करू नको, धाकटीचं जमायचंय. बघा, सगळ्यांनी आपापली रीत पाळली. भावानं पाळली, गल्लीनं पाळली, साहेबानं पाळली. एकट्या बनुबाईचंच तोंड वाईट. गल्ली म्हनायची, सुनंची बाजू घेऊन पोराला बदनाम करती, कसली आई.

मंग तो शुक्रवार. न्हाई, आदी गुरुवार सांगते. गुरुवारी रेश्मानं चोरून भावाला फोन केला — मला घेऊन जा म्हनली. भावानं काय करावं? भाऊजींनाच फोन लावला. म्हनला, जरा समजून घ्या, ल्हान हाय. गहिनीनाथ म्हनला, घेतो की. अन् घरात येऊन रेश्माला म्हनला, 'आज गुरुवार हाय. उद्या बघू.' एवढंच बोलला. जेवला. तिनं वाढलं त्याला. दुसऱ्या दिवशी तिनं अंगन झाडलं, भाकरी थापल्या, त्याची कापडं धुतली — वाट बघत हो, वाट बघत. बनुबाई तिला म्हनली, चल, आत्ताच्या एसटीनं चल. ती म्हनली, कुठं जायचं आत्या, मला कोन घेतंय. बोकडाला कळतं, ते दावं तोडतं तरी. मान्साला आपन इतकं वळन लावतो की मानूस उभा ऱ्हातो.

दुपारी त्यानं टेम्पो गोठ्याच्या तोंडाशी लावला, पाठ करून. मागचा फाळका पाडला — फाळका म्हंजी तेच ते, मागचं लोखंडी झाकान, माल भरताना खाली पाडतात अन् वर उचलून कडी घालतात. रेश्माला बोलावलं. म्हनला, कुठल्या हातानं फोन लावला? तिनं उजवा दावला. म्हनला, 'ठेव.' अन् पाव्हनं, तिनं ठिवला. आपल्या पायानं चालत गेली अन् आपल्या हातानं आपला हात त्या कडेवर ठिवला, बांगड्या मागं सारून. त्यानं दोन्ही हातांनी फाळका उचलला अन् आपटला. अन् कडी घातली. हात आत, पोरगी भाईर. ती वरडली न्हाई. वरडायला हवा लागती छातीत. फाळक्याच्या फटीतनं रगत उतरलं, टेम्पोच्या नंबरावरनं खाली, अन् तो फडकं आनून नंबर पुसायला लागला. त्याला टेम्पो घान झालेला चालत न्हाई.

बसा. उठू नका. अजून सांगायचं हाय.

बनुबाई गोठ्यात हुती. शेन काढत हुती. तिनं बघितलं. पहार कोपऱ्यात उभी हुती, खांब रोवायची, आपल्या खांद्याएवढी — ती उचलली. जड असती पहार, पन त्या दिवशी काडीसारखी लागली. मागनं घालता आली असती. टाळक्यात घालता आली असती, मरून गेला असता, सुटला असता. मागनं न्हाई घातली. समोर येऊन उभी ऱ्हायली, त्यानं बघितलं, मंग घातली, गुडघ्यावर. गुडघ्याची वाटी फुटल्याचा आवाज ऐकलाय कधी? वाळक्या कवठावर दगड घातल्यावानी. तो बसला खाली. अन् तो बी वरडला न्हाई बघा, रगत एकच ना. वर बघितलं अन् हळू म्हनला, 'आई, मला मारलंस?' अन् मी म्हनलं, 'व्हय, अन् दुसरा गुडघा अजून शिल्लक हाय.'

...

काय झालं? असं काय बघताय?

काय म्हनले मी? मी म्हनलं — व्हय. मीच म्हनलं. निघून गेलं तोंडातनं. आता काय, तूर काय अन् खडा काय, निवडून झालं सगळं.

मी गोजरबाई न्हाई. बनुबाई मी. माझ्या पोटचा हाय तो.

बसा हो. बसा म्हनते. तुमाला काय वाटलं, आई हाय म्हनून खोटं सांगती का? का खोटं सांगती म्हनून आई असायची न्हाई? मी त्याला नऊ म्हैने वाढवला, त्याच्या नाळंला हात मीच लावला, अन् तो गुडघा बी मीच फोडला, अन् दोन्ही येळंला माझंच रगत सांडलं असं मला वाटलं. लंगडतो तो, बघाल आता. तुमाला टेम्पो उलटला म्हनून सांगितलं असंल. गल्लीला बी तेच ठावं हाय. खरं तो सांगू शकत न्हाई — आईनं मारलं म्हनायची लाज वाटती. त्याच लाजंवर मी जिवंत हाय. रेश्माला मी नेली, तिची तीन बोटं गेली, सोडचिठ्ठीला अंगठा तिनं डावा दिला. आता ती दुसऱ्याच्या शेतात एका हातानं कांदे काढती अन् रातचं झोपती. झोपती, हे मोठं.

अन् तो? रोज सकाळी माझ्या पाया पडतो. लंगडत येतो, वाकतो, डोकं टेकवतो. सगळी गल्ली बघती अन् म्हनती, बघा, आई असली कजाग तरी पोरगा कसा. मी त्याच्या हातांकडं बघते. वाकलेल्या मान्साचे हात कुठं जातात हे बघायची सवय लागलीय मला. एका सकाळी रोजच्यावानी वाकला अन् म्हनला, 'आई, तुझी चूक मी इसरलो न्हाई. घरात नवं मानूस येऊ दे, मंग बघू.' असं म्हनला, अन् दूध तापवायला गेला.

तवा तुमाला कळलं का, तुमची सृष्टी कशाला पायजे हाय? संसाराला न्हाई. घरात एक जन वाट बघनारी लागती त्याला.

गोजरबाई? ती चक्कीवर गेलीय. रामहरीनं तिलाच सांगितलं हुतं, पुनतांब्याचे पाव्हने येतील, चांगलं सांगा. रात्री ती माझ्याकडं आली, म्हनली, बनू, मला मोनिकाचं लग्न करायचंय, माझ्या तोंडातनं वाईट निघायचं न्हाई. अन् ह्या येळंला चांगलं बी निघायचं न्हाई, रेश्माची पाठ मी बघितलीय नळावर. म्हनली, मी दळनाला जाते, माझ्या ओट्यावर तू बस, पाव्हने तुलाच गोजरबाई समजतील. सकाळी डबा कडंवर घेऊन गेली. ह्या ओट्यावरनंच गेली, मी बघितला डबा. रिकामा हुता. रिकामा डबा घेऊन चक्कीवर जाऊन बसलीय म्हातारी, तिथं पीठ उडतंय ते बघत असंल. तिनं रीत बी मोडली न्हाई अन् नीत बी सोडली न्हाई. मला न्हाई जमत तसं. मला पहारच जमती.

आता काय, निघून जाता? परस्पर? स्टँडवरनं मान्सं उचलून गाडी वळवता? तसं करू नका. तसं केलंत तर तो इचारंल, पाव्हना कुनाच्या ओट्यावर बसला हुता. गोजरबाई रिकाम्या डब्यासकट सापडंल, मोनिका सापडंल. यायचं. मान्सं घेऊन रीतसर अकराला यायचं. पोहे खायचे. माझ्याकडं बघायचं न्हाई, मी पदर घेऊन आतूनच कप देईन. तो तुमच्या पाया पडंल. पडू द्या. घर बघा, दोन गोष्टी बोला, अन् निघताना देवक इचारा. आमचं देवक कळंब. तुमचं काय? सूर्यफूल? आजपास्नं कळंब. एक देवक निघालं म्हना, भाऊबहीन लागतात, हात जोडा अन् निघा. रामहरी म्हनंल, आदी का न्हाई सांगितलं — म्हना, आत्याला इचारलं तवा कळलं. खोटं हाय, व्हय. पन रीतीत बसनारं खोटं हाय, त्याला कुनी मोडता म्हनत न्हाई. आजवर रीत त्याच्या कामाला आली, एक दिवस माझ्या येऊ दे.

अन् पुनतांब्याला गेल्यावर गप्प बसू नका. पुढचा कुनी बाप तुमच्या ओळखीतला निघाला तर सांगा त्याला. मोडता घाला. माझं नाव घ्या खुशाल. मी दर येळंला दुसऱ्याच्या ओट्यावर किती दिवस बसनार.

माझं काय इचारता. माझं मी बघते. पहार दाराआड हाय, झोपताना उशाशी असती. तो एक गुडघा मोडून हाय, मी कंबर मोडून हाय, दोघं बी सारखेच चालतोय घरात.

ऐकला का हॉर्न? तोच टेम्पो. तुमाला घ्यायला स्टँडवर निघाला असंल, रीत हाय ना, पाव्हन्याला सामोरं जायची. तो वळला की तुमी ह्या बोळातनं मागल्या अंगानं निघा, टेम्पोला वळसा पडतो, त्याच्या आदी पोचाल. मी ह्या परड्यातनं घरात जाते, चुलीवर आधन ठिवते. चहाला साखर किती घेता ते आत्ताच सांगा, तिथं मला तुमच्याशी बोलायची सोय न्हाई. ... बिनसाखरंचा? बरं.

डोळे पुसा आदी. तांब्या तिथंच ठिवा, उपडा. उठा आता. अन् बोळाच्या तोंडाशी गेल्यावर मागं वळून बघू नका — ह्या ओट्यावर कुनी बसलेलं न्हवतं.